मॅनहॅटनची व्यापारीण

१६५९ साली हॉलंडहून न्यू अॅम्स्टरडॅम बंदरात उतरली तेव्हा मार्गारेट हार्डेनब्रूक बाविशीच्या आसपासची होती. जन्म एल्बरफेल्डचा, ते गाव आज जर्मनीतल्या वुपरटाल शहराचा भाग आहे. लग्न झालेलं नव्हतं. हाताशी होती ती वोल्टर फाल्क या नात्यातल्या व्यापाऱ्याची मुखत्यारी. त्याच्या टाचण्या, स्वयंपाकाचं तेल, व्हिनेगर असला माल वसाहतीत विकायचा, बदल्यात कातडी घ्यायची, ती हॉलंडला रवाना करायची आणि थकलेली उधारी वसूल करायची, हे तिचं काम. पुढच्या तीस वर्षांत ती स्वतः जहाजांची मालकीण झाली, आणि तिच्या मृत्यूनंतर दोनेक वर्षांत तिच्या नवऱ्याच्या नावे हडसन नदीकाठच्या ५२,००० एकरांच्या जहागिरीची राजसनद निघाली.

अमेरिकेच्या वसाहतींची गोष्ट आपण बहुधा इंग्रजांकडून ऐकतो. मेफ्लॉवर जहाज, धर्मासाठी देशोधडीला लागलेले प्युरिटन, व्हर्जिनियाची तंबाखू. न्यूयॉर्क मात्र मुळात व्यापारी पेठ म्हणून वसलं, आणि ते वसवलं डचांनी, म्हणजे आपल्या जुन्या कागदपत्रांतल्या वलंदेजांनी. त्या पेठेत एक बाई स्वतःच्या नावानं धंदा करू शकत होती, न्यायालयात उभी राहून उधारी मागू शकत होती, करारावर सही करू शकत होती. मार्गारेटनं ही मोकळीक पुरेपूर वापरली. त्याच मोकळिकीच्या बळावर तिनं माणसांच्या विक्रीतूनही पैसा केला. तिचं कर्तृत्व आणि तिचा अपराध वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवता येत नाहीत, म्हणून तिचं आयुष्य नीट वाचायला हवं.

कातडी आणि मणी

१६०९ मध्ये हेन्री हडसन डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असताना पूर्वेकडचा जवळचा मार्ग शोधत आजच्या हडसन नदीत शिरला. मार्ग सापडला नाही, पण नदीकाठच्या रानात बीव्हर हे केसाळ प्राणी अमाप आहेत ही खबर अॅम्स्टरडॅमला पोचली. पूर्वेचा व्यापार पाहणाऱ्या त्या कंपनीची एक वखार आपल्या वेंगुर्ल्यातही होती, तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. अटलांटिकच्या व्यापारासाठी डचांनी १६२१ मध्ये वेगळी वेस्ट इंडिया कंपनी काढली. मॅनहॅटन बेट स्थानिक लोकांकडून साठ गिल्डरच्या मोबदल्यात घेतल्याची बातमी देणारं नोव्हेंबर १६२६ चं पत्र उपलब्ध आहे. त्याच पत्रात जहाजावरच्या मालाची यादी आहे आणि तिच्यात पहिल्यानंच येतात ७,२४६ बीव्हर कातडी.

एवढी कातडी लागत कशाला? टोप्यांना. बीव्हरच्या अंगावर दोन थर असतात. वरचे केस लांब आणि राठ, खालची लव मऊ आणि दाट. या लवेच्या प्रत्येक तंतूला डोळ्यांना न दिसणारे काटे असतात. लव ओली करून, तापवून, दाबून मळली की ते काटे एकमेकांत अडकतात आणि तिचा घट्ट, पाणी न शिरणारा नमदा होतो. युरोपातल्या प्रतिष्ठित माणसाच्या डोक्यावर या नमद्याची टोपी असे. स्थानिक लोकांनी हिवाळाभर अंगावर पांघरलेलं कातडं व्यापाऱ्यांना अधिक पसंत पडे, कारण वापरून त्याचे राठ केस झडलेले असत. मोहॉक आणि इतर जमातींचे लोक ही कातडी हडसनच्या वरच्या अंगाला, आजच्या ऑल्बनीजवळच्या डच ठाण्यावर आणत आणि तिथून ती नदीनं खाली मॅनहॅटनला येत.

वसाहतीत नाण्यांचा तुटवडा होता, म्हणून व्यवहार चाले सेवांटवर. लाँग आयलंडच्या किनाऱ्यावरचे आदिवासी शिंपल्यांपासून बारीक नळीसारखे मणी घडवत, त्यांना भोकं पाडून दोऱ्यात ओवत. पांढरा मणी स्वस्त, जांभळट काळा दुप्पट किमतीचा. १६५० मध्ये सरकारनं भाव बांधून दिला: सहा पांढरे किंवा तीन काळे मणी म्हणजे एक स्टायव्हर हे छोटं डच नाणं. फुटके आणि धड भोक नसलेले मणी बाजारात शिरू लागले तशी या चलनाची पत घसरली आणि काही वर्षांतच पांढऱ्याचा दर एका स्टायव्हरला आठ मण्यांवर आला. व्यापाऱ्याला एकाच वेळी तीन हिशेब डोक्यात ठेवावे लागत: गिल्डरचा, बीव्हरचा आणि मण्यांचा. धड कोणता मणी, पोकळ कोणता, आज कातडं ठेवून घ्यावं की मणी, ही पारख ज्याला साधली तो तरला.

मार्गारेट आली तेव्हा या गावात जेमतेम दीड हजार माणसं असतील. उत्तरेकडून हल्ला होईल या भीतीनं १६५३ मध्ये उभारलेला लाकडी तट गावाच्या टोकाला होता. आजची वॉल स्ट्रीट त्याच रेषेवर आहे. गाव लहान, पण वस्ती सरमिसळीची. १६४३ मध्ये इथे आलेल्या एका फ्रेंच पाद्र्यानं गव्हर्नरच्या तोंडून ऐकलं होतं की या बेटावर अठरा भाषा बोलल्या जातात.

बायकोच्या नावावरचा धंदा

वसाहतीत उतरली त्याच वर्षी, १६५९ मध्ये, मार्गारेटनं पीटर रुडोल्फस डी व्हरीस या व्यापाऱ्याशी लग्न केलं. पुढच्या वर्षी मुलगी झाली, मारिया. १६६१ मध्ये नवरा वारला. पदरी तान्ही मुलगी आणि समोर नवऱ्याचा अर्धवट राहिलेला व्यापार. मार्गारेटनं तो व्यापार बंद केला नाही, स्वतः चालवायला घेतला.

हे शक्य झालं ते डच कायद्यामुळे. हॉलंडमध्ये रोमन परंपरेचा कायदा चाले. सर्वसाधारण लग्नात बायकोवर नवऱ्याचा अधिकार असे, पण लग्नाआधी करार करून दोघं आपापली मिळकत वेगळी ठेवू शकत. उघडपणे व्यापार करणाऱ्या बाईला धंद्यापुरते सगळे व्यवहार स्वतःच्या जबाबदारीवर करता येत. तिचं कर्ज तिचं, तिची वसुली तिची. लग्नानंतरही दप्तरात बाई माहेरच्या नावानं नोंदली जाई. मुलगा आणि मुलगी यांना वारसाहक्कात सारखा वाटा मिळे. नवरा-बायको मिळून एकच मृत्युपत्र करत आणि मागे राहील त्याच्या हाती घर सोपवत. दर्यावर्दी समाजाला असा कायदा गरजेचाच होता. नवरा वर्ष-वर्ष समुद्रावर, कधी परतेल याची खात्री नाही. मागे दुकान, वखार आणि देणेकरी सांभाळणारी बाई कायद्यानं दुबळी असेल तर धंदाच बुडेल.

हाच कायदा तिला जाब विचारायलाही चुकला नाही. विधवा पुन्हा लग्न करणार असेल तर पहिल्या नवऱ्याच्या मुलांचा हिस्सा आधी निश्चित करावा, असा दंडक होता. त्यासाठी न्यू अॅम्स्टरडॅममध्ये पोरक्या मुलांच्या मिळकतीवर देखरेख ठेवणारं पंचमंडळ होतं. १६६२ मध्ये मार्गारेटनं फ्रेडरिक फिलिप्सशी लग्न ठरवलं तेव्हा या पंचांनी तिला डी व्हरीसच्या मिळकतीची यादी मागितली. ती यादी तिला देता आली नाही. तरी ऑक्टोबरमध्ये लग्नाची जाहीर घोषणा करायला परवानगी मिळाली. फ्रेडरिकनं मारियाला आपली मुलगी मानलं आणि पुढे ती एव्हा फिलिप्स म्हणून ओळखली जाऊ लागली.

फ्रेडरिक फ्रीजलंडमधल्या बोल्सवार्ड गावचा. कंपनीचा सुतार म्हणून तो इथे आला होता. हुशार होता, महत्त्वाकांक्षी होता, पण लग्नाच्या वेळी व्यापारात मुरलेली होती ती मार्गारेट. हॉलंडमधले आडते तिच्या ओळखीचे, तिथली पत तिची. या लग्नानंतर सुताराचा सावकार झाला. १६७४ च्या करआकारणीत त्याची मिळकत ८०,००० गिल्डर धरली गेली, शहरातली सगळ्यात मोठी. यादीत नाव आहे त्याचं एकट्याचं.

राज्य बदललं

१६६४ च्या उन्हाळ्याअखेरीस इंग्रजांची चार जहाजं बंदराबाहेर येऊन उभी राहिली. गव्हर्नर पीटर स्टायव्हसंटला लढायचं होतं, गावातल्या व्यापाऱ्यांना नव्हतं. दारूगोळा अपुरा होता, आणि युद्ध झालं तर घरं-वखारी जळणार होत्या. सप्टेंबरमध्ये गाव इंग्रजांच्या स्वाधीन झालं आणि न्यूयॉर्क झालं. १६७३ मध्ये डचांनी ते परत जिंकलं, पण पुढच्याच वर्षी तहात कायमचं देऊन टाकलं.

शरणागतीच्या अटी व्यापाऱ्यांना सोयीच्या होत्या. मालमत्ता ज्याची त्याच्याकडे राहणार, धर्माला धक्का नाही, आणि अकराव्या कलमानं वारसाहक्काच्या डच रीती चालू राहणार. पण पाठोपाठ इंग्रजी कायदा हळूहळू मुरत गेला. त्या कायद्यात लग्न झालेल्या बाईला स्वतंत्र अस्तित्वच नव्हतं. तिची जंगम मिळकत नवऱ्याची होई, त्याच्याशिवाय तिला करार करता येत नसे, दावा लावता येत नसे. फिलिप्स घराण्याच्या जमिनी आणि सनदा फ्रेडरिकच्या नावे झाल्या त्या याच काळात. मार्गारेट थांबली नाही, पण तिच्यामागून येणाऱ्या बायकांची वाट अरुंद झाली. डच काळात इथे व्यापारी बायका बऱ्याच होत्या. पुढच्या पिढीत त्यांची संख्या रोडावली. विवाहित स्त्रीला स्वतःच्या मिळकतीवर हक्क देणारा कायदा न्यूयॉर्कमध्ये झाला तो १८४८ मध्ये. मार्गारेटला विशीत जे सहज मिळालं होतं त्यातलं काही परत मिळवायला त्याच शहरातल्या बायकांना जवळजवळ दोन शतकं लागली.

व्यापारावरही नवी बंधनं आली. इंग्रजी नौकानयन कायद्यांनुसार जहाज इंग्रजी मालकीचं हवं आणि युरोपचा माल इंग्लंडच्या बंदरात जकात भरूनच वसाहतीत आणायचा. फिलिप्स दांपत्य इंग्लंडच्या राजाचं प्रजाजन झालं होतं, त्यामुळे जहाजाच्या मालकीचा प्रश्न सुटला. उरला मार्ग. त्यांचं जहाज हॉलंडहून निघालं की वाटेत इंग्लिश बंदरात थांबे, जकातीचे सोपस्कार उरके आणि मग अटलांटिकमध्ये शिरे. वेळ जाई, पैसा जाई, पण अॅम्स्टरडॅमशी जुळलेला धागा तुटला नाही.

चार्ल्स जहाजावर

मार्गारेटला जवळून पाहिलेल्या माणसाची एक रोजनिशी आपल्याला मिळते. १६७९ मध्ये यास्पर डान्कर्ट्स आणि त्याचा सोबती पीटर स्लायटर हे लाबादी या कडव्या प्रॉटेस्टंट पंथाचे दोघं आपल्या लोकांसाठी अमेरिकेत जागा शोधायला निघाले. हॉलंडहून ते ‘चार्ल्स’ या जहाजावर चढले. जहाज फिलिप्सांचं. कप्तान इंग्रज, पण जहाजावर मालकीण स्वतः हजर, मालाचा कारभार बघणारी. फॉलमथला थांबून सप्टेंबरात ते न्यूयॉर्कला पोचले.

रोजनिशी लिहिणारा डान्कर्ट्स हा भाविक गृहस्थ मार्गारेटवर मनस्वी चिडला. जहाजात माल ठासून भरलेला, प्रवाशांना अंग हलवायला जागा नाही, आणि मालकीण पैशाची लोभी, अशी त्याची तक्रार. एक प्रसंग तो सविस्तर सांगतो. संध्याकाळची वेळ. डेक पुसायचा मॉप हातातून निसटून समुद्रात पडला. मार्गारेटनं कप्तानाला जहाज रोखायला लावलं. होडी सोडली गेली आणि अंधारून येत असताना खलाशी त्या कवडीमोलाच्या मॉपमागे पाण्यात गेले. माणसांचे जीव धोक्यात घातले ते एवढ्यासाठी, असं डान्कर्ट्सला वाटलं, आणि ते खोटं नव्हतं.

ही रोजनिशी जवळपास दोन शतकं कोणाला ठाऊक नव्हती. हेन्री मर्फी या अमेरिकी गृहस्थाला ती अॅम्स्टरडॅममधल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाली आणि १८६७ मध्ये छापून आली. तेव्हापासून मार्गारेट म्हटलं की हा मॉप पुढे येतो. पुरुष व्यापाऱ्याचा असाच चिक्कूपणा काटकसर म्हणून खपून जातो, हे मला खटकतं. तिचा काळ आठवा: एका वादळात जहाज जाई, एका लढाईत बंदर जाई, एका फतव्यानं मण्यांचा भाव उतरे. वस्तू वाया घालवायची नाही हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. पण त्या संध्याकाळी होडीत उतरलेल्या खलाशांना काय वाटलं असेल, हेही डावलून चालणार नाही. माणसापेक्षा मालाला मोल देण्याची जी सवय त्या प्रसंगात दिसते ती पुढे फार दूरवर गेली.

पीठ, साखर, माणसं

बीव्हर संपत आले तसा फिलिप्सांनी धंदा पिठाकडे वळवला. न्यूयॉर्कच्या नगरमुद्रेवर आजही पवनचक्कीची पाती, दोन बीव्हर आणि पिठाची दोन पिंपं आहेत. शहराचं पहिलं भांडवल कशातून आलं हे ती मुद्रा उघड सांगते. गव्हर्नरनं पीठ चाळून निर्यातीसाठी भरण्याचा मक्ता शहराला दिला होता. फ्रेडरिकनं हडसनच्या काठाकाठानं जमिनी घेतल्या आणि १६८० च्या दशकात पोकँटिको नदीच्या मुखाशी गिरणी बसवली. कुळं गहू पिकवत, खंडापोटी धान्य देत, गिरणीत पीठ होई, शिडाच्या होड्यांनी ते न्यूयॉर्कला येई आणि तिथून कॅरिबियन बेटांवर जाई.

त्या बेटांवर एवढं पीठ लागे कारण बार्बेडोससारख्या बेटांची जमीन उसाखाली गेली होती आणि ऊस पिकवणारे होते आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. हडसनकाठच्या गव्हाचा भाव त्यांच्या श्रमावर उभा होता. फिलिप्स तिथेच थांबले नाहीत. १६८५ मध्ये त्यांचं ‘चार्ल्स’ जहाज आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर काँगो नदीच्या मुखाजवळच्या सोयो बंदरात गेलं. १४६ माणसं चढवली. बार्बेडोसला जिवंत पोचली १०५. उरलेली एक्केचाळीस वाटेत गेली. बेटावर विक्री झाली आणि नऊ जणांना न्यूयॉर्कजवळच्या राय इथे उतरवलं गेलं.

मार्गारेट तेव्हा हयात होती. गुलामीची प्रथा तिनं सुरू केलेली नव्हती. वेस्ट इंडिया कंपनीनं पहिले आफ्रिकी गुलाम या गावात १६२० च्या दशकातच आणले होते, आणि गावाचा तट व रस्ते त्यांच्या श्रमाचे होते. काळच तसा होता, असं म्हणून तिची सुटका करायला मी तयार नाही. जी बाई समुद्रात पडलेला मॉप परत आणवते, तिच्या घरच्या जहाजावरची एक्केचाळीस माणसं कमी झाली हे हिशेबात दिसल्यावाचून राहिलं नसेल. ती नोंद तोट्याच्या रकान्यात पडली असणार, आणि याहून कठोर शब्द मला सुचत नाही.

मुघलांच्या समुद्रापर्यंत

१६९१ च्या सुमारास मार्गारेट वारली. वर्षभरात फ्रेडरिकनं कॅथरीना व्हान कोर्टलंड या विधवेशी लग्न केलं. १६९३ मध्ये फिलिप्सबर्गच्या जहागिरीची सनद मिळाली आणि मॅनहॅटनला मुख्य भूमीशी जोडणाऱ्या पुलाचा टोलही त्याच्या पदरात पडला.

याच वर्षी त्याच्या ‘चार्ल्स’ जहाजानं मादागास्करजवळच्या सेंट मेरी बेटावर माल उतरवला. तिथे अॅडम बाल्ड्रिज नावाचा इसम हिंदी महासागरातल्या चाच्यांना रसद पुरवी. त्यानं पुढे दिलेल्या जबानीत मालाची यादी आहे: ४४ जोड जोडे, लोकरी मोजे, रमची पाच पिंपं, तोफेची दारू, दोन करवती, बागेचं बियाणं, दोन बायबलं. परतीच्या फेरीत फिलिप्सला मिळाले ११०० चांदीचे डॉलर, ३४ गुलाम, गुरं आणि लोखंडाच्या कांबी. त्याच ऑक्टोबरात थॉमस ट्यू हा चाचा तांबड्या समुद्रात लूट मारून या बेटावर आला. दोन वर्षांनी ट्यू पुन्हा त्या समुद्रात गेला, आणि हेन्री एव्हरी हा दुसरा चाचाही. ट्यू मारला गेला, आणि एव्हरीनं औरंगजेबाचं ‘गंज-इ-सवाई’ हे मक्केहून सुरतेला परतणारं जहाज लुटलं. त्यावर मुघलांनी सुरतेतल्या इंग्रजांना कैद केलं, मुंबईच्या इंग्रजांवर तलवार टांगली गेली. म्हणजे मार्गारेटनं ज्या पेढीची घडी बसवली तिचा माल आपल्या किनाऱ्याच्या इतिहासालाही चाटून गेला.

हे प्रकरण फ्रेडरिकला भोवलं. नवा गव्हर्नर लॉर्ड बेलोमाँट चाचेगिरी मोडायला आला आणि १६९८ मध्ये फ्रेडरिकला गव्हर्नरच्या सल्लागार मंडळातली जागा सोडावी लागली. मादागास्करच्या व्यापारात घातलेलं त्याचं ‘मार्गारेट’ नावाचं जहाज पुढच्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या एका कप्तानानं केप बंदरात पकडलं. १७०२ मध्ये तो वारला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात त्याचा पणतू इंग्लंडच्या राजाच्या बाजूनं राहिला, त्यामुळे १७७९ मध्ये ही सगळी जमीन नव्या राज्यानं जप्त केली.

कागदांत उरलेली माणसं

डच काळाची न्यूयॉर्कची सरकारी दप्तरं आज ऑल्बनीत आहेत, सुमारे १२,००० पानांची. १९११ मध्ये तिथल्या ग्रंथालयाला भीषण आग लागली. डच बाडं खालच्या फळ्यांवर होती, वरची इंग्रजी बाडं जळून त्यांच्यावर कोसळली आणि त्या ढिगाखाली ती बचावली. १९७४ पासून चार्ल्स गेरिंग यांनी ही पानं इंग्रजीत आणण्याचं काम उभं केलं. न्यू अॅम्स्टरडॅमच्या न्यायालयाच्या कामकाजाच्या नोंदी त्याआधीच, १८९७ मध्ये, सात खंडांत छापल्या गेल्या होत्या. अशा कागदांतून मार्गारेटसारख्या बायका बोलतात: मी माल दिला, पैसे आले नाहीत, न्याय करा. नवऱ्याच्या सावलीत हरवलेली व्यापारीण संशोधकांना सापडली ती त्यामुळे.

फिलिप्सांच्या गुलामांना मात्र न्यायालयात उभं राहून असं मागण्याची सोय नव्हती. ते सापडतात दुसऱ्या प्रकारच्या कागदात. मार्गारेटचा मुलगा अडॉल्फ १७५० मध्ये निपुत्रिक वारला तेव्हा पोकँटिकोच्या मिळकतीची यादी झाली. जनावरं, भांडी, अवजारं आणि त्यांच्याच सोबत तेवीस माणसं. त्यात सीझर होता, गिरणी चालवणारा. दगडाची फट किती ठेवायची, पाणी कधी सोडायचं, पीठ कोणत्या क्षणी तापतं हे जाणणाऱ्या माणसाच्या हातावर त्या घराण्याची पिठाची श्रीमंती उभी होती. यादीनंतर यांतल्या माणसांना विकायला काढलं गेलं, घरं फुटली. न्यूयॉर्क राज्यात गुलामी कायद्यानं संपली ती १८२७ मध्ये. आणि १९९१ मध्ये खालच्या मॅनहॅटनमध्ये सरकारी इमारतीचा पाया खणताना आफ्रिकी लोकांची विस्मरणात गेलेली दफनभूमी लागली, चारशेहून अधिक माणसांचे अवशेष निघाले. पोकँटिकोची गिरणी आज संग्रहालय आहे. एके काळी तिथे डच वाड्याचा थाट दाखवला जाई. आता गुलामांच्या आयुष्याला मध्यभागी ठेवून इतिहास सांगतात. हा बदल योग्य आहे आणि उशिरा झाला आहे.

मार्गारेटला आदर्श ठरवून तिचा पुतळा उभारावा असं मला वाटत नाही, आणि तिला केवळ गुलामांची व्यापारी म्हणून निकालात काढावं असंही वाटत नाही. एका कायद्यानं तिला माणूस म्हणून व्यवहार करण्याची मुभा दिली, म्हणून तिचं कर्तृत्व फुलू शकलं. त्याच पेठेच्या कायद्यानं सोयोच्या माणसांना माल ठरवलं, म्हणून तिची तिजोरी भरू शकली. कर्तबगार बाईचा इतिहास लिहिताना आनंद होतो. तो आनंद खरा असेल तर तिच्या नफ्याची किंमत कोणी मोजली हे त्याच पानावर लिहिण्याचं धाडसही आपल्यात हवं. सीझरचं नाव मार्गारेटच्या नावाशेजारी लिहिल्यानं तिचं शहाणपण कमी होत नाही. त्या शहराची उभारणी नेमकी कोणाकोणाच्या हातांनी झाली, हे मात्र त्यामुळे पहिल्यांदा पूर्ण सांगता येतं.